जुनी क्रूझर घेताय? आधी ढकलून बघा

साखळी गावातल्या भाच्याचा रात्री दहाला फोन. "मामा, बजाजची अव्हेंजर मिळतेय कळंगुटला. दोनशेवीस क्रूझ. एकदम चकाचक. ॲडव्हान्स टाकू का?"

"बघितलीस?"

"फोटो बघितले ना."

रविवारी दोघं गेलो. टाकी आरशासारखी, सीट नवी, सायलेन्सरवर पॉलिश मारलेलं. मालक आपलेपणाने म्हणाला, "कसलोच प्रॉब्लेम ना, पात्रांव." म्हणजे कसलाच त्रास नाही, साहेब. मी खाली वाकून फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, क्रोम पाइपवरून नख वरून खाली फिरवलं. तीन ठिकाणी नख अडकलं. चहा घेतला, आभार मानले आणि परत निघालो. भाचा डिचोलीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

तीन ठिकाणी नख अडकण्यात एवढं काय, ते पुढे सांगतो. ज्याचा हात आजवर फक्त स्कूटरवर बसलाय आणि ज्याला पहिलीच गियरची गाडी क्रूझर हवीय, तीही जुनी आणि गोव्यात, त्याच्यासाठी हे लिहितोय. एक काम आजच करा. लायसन काढून बघा. ते बिनगियरच्या गाडीचं असेल, तर क्रूझर चालवायला चालत नाही. गियरवाल्या मोटारसायकलसाठी आधी लर्निंग काढावं लागतं, त्यानंतर तीस दिवसांनी टेस्ट. गाडी शोधायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

कुठली गाडी

क्रूझरची सीट खाली, पाय पुढे, हँडल अंगाकडे आलेलं आणि दोन चाकांतलं अंतर लांब. नवशिक्याला सीट खाली असण्याचा मोठा आधार वाटतो. अव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटरवर आहे, रॉयल एनफिल्डच्या मिटिऑर ३५०ची ७६५ आणि थंडरबर्डची ७७५. आपल्या ओळखीच्या स्प्लेंडरची ७८५. म्हणजे पाच फूट दोन इंचाच्या माणसालाही अव्हेंजरवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवता येतात.

पण लांबीचा हिशेबही करा. स्प्लेंडरच्या दोन चाकांत १२३६ मिलिमीटर अंतर आहे, अव्हेंजरच्या १४९० च्या आसपास. हा जवळपास एक वितीचा फरक म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी गाडी वळवायला गेलात की कळतो. दुसरं म्हणजे पाय पुढे असल्यामुळे खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर उभं राहून अंग उचलता येत नाही. सगळा दणका माकडहाडाला. पाठीचं जुनं दुखणं असेल त्याने क्रूझरच्या नादाला लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या बाजारात मिळणाऱ्यांत पहिल्या गाडीसाठी मी तीनच नावं घेईन.

अव्हेंजर २२०: वजन १६० किलोच्या आसपास, म्हणजे सगळ्यांत हलकी. क्रूझला उंच हँडल आणि तारांची चाकं, स्ट्रीटला सपाट हँडल आणि अलॉय. ही दोन रूपं २०१५ पासूनची. त्याआधीच्या २००, २२० सुद्धा बाजारात असतात. गोव्यात मी स्ट्रीट निवडेन, निव्वळ तारांच्या गंजापायी. मागे ड्रम ब्रेक आहे, त्यामुळे पुढच्या डिस्कवरच सगळा भरवसा.

थंडरबर्ड ३५०: वजन १९० च्या वर, २० लिटरची टाकी, २०१२ नंतरच्या गाड्यांना मागेही डिस्क. उत्पादन २०२० मध्ये थांबलं, पण इंजिन त्या काळच्या क्लासिकच्याच जातीचं. त्यामुळे सुट्या भागांची चिंता नाही आणि मेकॅनिक प्रत्येक तालुक्यात.

मिटिऑर ३५०: नोव्हेंबर २०२० पासूनची. वजन १९१ किलो, पण तोल इतका छान की हलत्या गाडीवर ते जाणवत नाही. दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. जुन्यात महाग, तरी खिशाला झेपत असेल तर मी हीच सांगेन. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या मिटिऑर इग्निशन कॉइल तपासण्यासाठी कंपनीने मे २०२१ मध्ये परत बोलावल्या होत्या. त्या काळातली गाडी असेल तर ते काम झालंय का, हे चेसिस नंबर सांगून सर्व्हिस सेंटरला विचारा.

सुझुकीची इंट्रूडर १५० स्वस्तात दिसेल. चालवायला सोपी आहे, पण बंद झालीय आणि तिचं प्लास्टिकचं अंग फुटलं तर शोधत बसावं लागतं. हार्ले स्ट्रीट ७५० ची जाहिरात बघून कुणाचंही मन डळमळतं. २३० किलोच्या आसपासची गाडी पहिली म्हणून नको, बाकी काही बोलत नाही.

एक तारीख ध्यानात ठेवा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. पहिल्या पावसात ओल्या तांबड्या मातीवर घाबरून ब्रेक दाबणार आहात तुम्ही. निदान पुढच्या चाकाला तरी एबीएस असलेली गाडी बघा, त्यासाठी पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील.

कधी बघायला जायचं

लोक उन्हाळ्यात गाडी बघतात. मी म्हणतो जुलैत जा. गिऱ्हाईक कमी, मालक भावाला नरम आणि पाऊस फुकटात तपासणी करून देतो. ओलाव्याने स्टार्ट न होणारी, हॉर्न घुसमटणारी, इंडिकेटर आपोआप लुकलुकणारी गाडी फेब्रुवारीत अगदी शहाण्यासारखी वागते. चवथीच्या आणि दसऱ्याच्या सुमाराला लोक नव्या गाड्या घेतात, तेव्हा एक्सचेंजमधल्या जुन्या गाड्या डीलरकडे येतात. तेही दिवस बरे.

खारा वारा

गोव्यात जुनी गाडी बिघडते ती इंजिनामुळे कमी आणि हवेमुळे जास्त. कळंगुट, मोरजी, कोलव्याच्या बाजूला झावळ्यांच्या छपराखाली पाच पावसाळे उभी राहिलेली वीस हजार किलोमीटरची गाडी आणि सत्तरीतली चाळीस हजार चाललेली गाडी यांत मी दुसरी घेईन.

आता ते नख. फोर्कचा क्रोम पाइप ऑइल सीलमधून सारखा वर-खाली होत असतो. खाऱ्या हवेने क्रोमला बारीक खड्डे पडतात, डोळ्यांना ते ठिपक्यांसारखे दिसतात. त्यांची कडा करवतीसारखी रबरी सील कापते. सीलमधून तेल गळतं, ते खाली ब्रेकच्या डिस्कवर उतरतं आणि भर पावसात पुढचा ब्रेक लागत नाही. नवी सील टाकली तर महिनाभरात तीही कापली जाते, कारण दोष पाइपात असतो. पाइप बदलायचा खर्च मालक भावात धरत नाही. मीही एकदा असाच फसलो होतो. तीन सील बदलल्यावर अक्कल आली. म्हणून खिशात पांढरा रुमाल ठेवा. पाइप पुसा, पुढचा ब्रेक धरून गाडी सात-आठ वेळा दाबा, परत पुसा. तेलाची कडी उमटली तर सील गेलेली. नख अडकलं तर पाइप गेलेला.

त्यानंतर गुडघ्यावर बसा. वरून गाडी सगळ्यांचीच छान दिसते. साइड स्टँडची स्प्रिंग, सायलेन्सरच्या बेंडची खालची बाजू, मागच्या मडगार्डचा आतला भाग, फ्रेमच्या खालच्या नळ्या, बॅटरीच्या टोकांवरची हिरवट पूड, तारांची चाकं असतील तर रिमला तारा जिथे बसतात ती जागा, हे सगळं मोबाइलच्या टॉर्चने बघा. काळा रंग ताजा मारलेला दिसला तर नाण्याने हलकेच टोकरा. खाली पापुद्रा सुटला तर आत गंज आहे. मालक चिडला तर चिडू दे.

टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. कडेला तांबूस थर असेल तर गाडी रिकाम्या टाकीने पावसाळाभर उभी होती. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाइप वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत. पाइप बोटांनी दाबून बघा. फुगून मऊ झालेला किंवा चिरा पडलेला असला तर बदलायचा, खर्च फार नाही.

डिचोली, उसगाव, सावर्डे भागातल्या गाडीला मिठाऐवजी खाणीची धूळ. ती धूळ एअर फिल्टरमधून गेली तर इंजिन आतून झिजतं. साइड कव्हर काढून फिल्टर बघायला पाच मिनिटं पुरतात. आणि पूर. २३ जुलै २०२१ ला सत्तरी, डिचोली, उसगावात पाणी शिरलं होतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्याही इथे विकायला येतात, तिथला महापूर ऑगस्ट २०१९ चा. त्याआधीची गाडी असेल तर हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ, मीटरमध्ये धुकं आणि सीटखालच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ शोधा. गाडी कितीही धुतली तरी सीटखालचा गाळ राहतो.

थंड इंजिन आणि ढकलणं

पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी दहा मिनिटं चालू ठेवलीय. हसून सांगा, तासाभराने येतो. थंड इंजिन स्टार्टरवर किती वेळ घेतं, हेच तर बघायचं असतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या अव्हेंजरला सकाळी चोक लागणं स्वाभाविक आहे. चोक सोडल्यावर एक-दोन मिनिटांत ती एका लयीत यायला हवी. सायलेन्सरमधून निळा धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळतंय, तिथेच थांबा. थंडरबर्ड-बुलेटच्या त्या काळच्या इंजिनांत बटण-स्टार्ट करताना दात घासल्यासारखा करकर आवाज आला तर स्प्रॅग क्लच, म्हणजे स्टार्टरची मोटर इंजिनाला जोडणारा भाग, तपासायला लागेल. त्या कामाला इंजिनाची डावी बाजू उघडावी लागते, म्हणून आवाज ऐकला की भाव पाडा.

इंजिन बंद करा, न्यूट्रलला टाका आणि गाडी ढकला. पुढे दहा पावलं, मागे दहा पावलं. पहिली क्रूझर घेणाऱ्याची खरी परीक्षा हीच आहे. गाडी चालू असताना वजन चाकं उचलतात. उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी मागे काढताना ते तुम्ही उचलता. भाच्याला मी थंडरबर्ड ढकलायला लावली, तर चौथ्या पावलाला ती त्याच्या मांडीवर कलली. दोघांनी मिळून सावरली. त्यानंतर तो आपणहून अव्हेंजरकडे वळला.

ढकलताना गाडीही बोलते. ब्रेक धरून ठेवत असेल तर जड जाते. कुणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि हँडल हळूहळू दोन्ही टोकांना न्या. मध्यभागी खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. हँडल जिथे थांबतं तिथल्या फ्रेमच्या छोट्या उंचवट्याकडे बघा. तो एका बाजूने चेपलेला असेल तर गाडी जोरात पडलीय, मालक काहीही म्हणो. मागचं चाक डावी-उजवीकडे हलवा, खटखट आली तर स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश गेले. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट नवा टाकावा लागणार.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही भरलेली असो, सहा-सात वर्षं झालेलं रबर लाकडासारखं कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं.

मीटरवरच्या किलोमीटरवर मी विश्वास ठेवत नाही. फूटरेस्टचं रबर, ब्रेकच्या पेडलचा घासलेला भाग आणि किल्ली यांवर ठेवतो. बारा हजार चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत होत नसतं.

चालवून बघणं

लायसन आलं नसेल तर चालवणारा माणूस सोबत न्या आणि तुम्ही मागे बसा. ते तसंही करायला हवं, कारण क्रूझरच्या मागच्या सीटवर कोण बसणार आणि किती वेळ, यावर घरातली पुढची शांतता अवलंबून आहे.

निदान वीस मिनिटं आणि त्यात एक चढण. फोंड्याकडे फर्मागुडीची, सत्तरीकडे केरीच्या पुढे चोर्ला घाटाची पहिली वळणं. चढावर तिसऱ्या गियरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर एकदम पिळा. आवाज वाढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लचप्लेटा संपल्यात. मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नसताना साठवरून जोरात ब्रेक. एबीएस लागलेलं नसतानाही लिव्हर हाताला थरथरली तर डिस्क वाकडी. मग एखाद्या मैदानात पायी चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठ. इथे अव्हेंजरचं उंच हँडल पूर्ण वळवलं की एक हात लांब पडतो. ते अंगवळणी पडतं, पण सवय व्हायला आठवडा द्या.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेला असेल तर मूळचा मागून घ्या. नसेल तर नव्याची किंमत भावातून वजा. पोलीस दंड करतात ही एक गोष्ट, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीचं मिश्रण त्याने बिघडतं ही दुसरी.

कागद

फोर्कपेक्षा जास्त माणसं कागदांत अडकतात. गाडी आवडली तरी पैसे देण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर हँडलखालच्या फ्रेमच्या मानेवरच्या नंबराशी आणि इंजिन नंबर इंजिनाशी अक्षर-अक्षर जुळवा. गंजाने अंक वाचता येत नसतील तर तारेचा ब्रश मागा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत, पीयूसी, आरसीची वैधता दिसते. न भरलेली दंडाची चलनंही तपासा. आरसीची मुदत पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षं. पंधरा वर्षांच्या जवळ पोचलेली अव्हेंजर घेताय तर मुदत संपत आलीय, फेरनोंदणीचा खर्च आणि हेलपाटे तुमच्या वाट्याला.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, दोघांच्याही सह्यांनिशी. सह्या केलेले कोरे फॉर्म हातात देऊन "सावकाश करा ट्रान्सफर" म्हणणारा मालक गोड असतो. पण कायद्याने त्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि तुम्ही तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला द्या. मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, गाडीसोबत येत नाही, तो त्याच्या नावावर राहतो.

केए किंवा एमएच पासिंगची गाडी गोव्यात स्वस्त दिसते. तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. गोव्यात आणून ठेवली की बारा महिन्यांत जीए नंबर घ्यायचा आणि इथला रोड टॅक्स भरायचा. मूळ राज्याकडून उरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो मूळच्या मालकाच्या मदतीशिवाय हलत नाही. स्वस्ताईतून हे सगळं वजा करा, बऱ्याचदा काही उरत नाही.

आणि काळी पाटी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी. हंगाम संपला की मिटिऑर आणि अव्हेंजर या बाजूनेही विकायला येतात. दररोज नवा हात, बऱ्याचदा क्लच न कळणारा. आरटीओकडून खाजगीत बदलून घेतलेली असेल तर पाटी पांढरी दिसेल, म्हणून आरसीवरचा इतिहास विचारा. मी घेत नाही.

भाव आणि नंतरचं

मी किमतीचे दहा ते पंधरा टक्के आधीच बाजूला काढून ठेवतो. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल आणि बहुधा टायर किंवा बॅटरी, एवढं मालकाने "कालच केलंय" म्हटलं तरी पुन्हा करायचं. सौदा करताना कोरा कागद घेऊन बसा. सापडलेल्या खोडी आणि तुमच्या मेकॅनिकने सांगितलेला खर्च असे दोन रकाने. "शेवटचा भाव बोला" म्हणण्यापेक्षा हा कागद पुढे सरकवला की माणूस लवकर खाली येतो.

भाच्याला शेवटी पाळीत मिळाली. स्ट्रीट २२०, २०१९ च्या जूनची, एकाच मालकाची, घराच्या आत ठेवलेली. टाकीवर ओरखडा होता आणि सीट फाटकी. त्या दोन गोष्टींपायी तिच्याकडे कुणी वळत नव्हतं.

दोन आठवडे गावातल्या मैदानात फिरवल्यावर तो मयेवरून चोडण्याला आणि तिथून फेरीबोटीने रायबंदरला जाऊ लागला. फेरीचा उतार हा क्रूझरवाल्याने मुद्दाम शिकायचा धडा आहे. ओहोटीला खालचा भाग शेवाळलेला असतो आणि गाडी लांब असल्यामुळे मध्येच वळवता येत नाही. मोटारी उतरेपर्यंत थांबा. पहिला गियर, क्लच अर्धा, पुढचा ब्रेक अजिबात नाही, गाडी सरळ रेषेत. दोन्ही पाय खाली, बदकासारखे टेकत जायचं, लाज वाटू द्यायची नाही. मागे कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे, नदी काही पळून जात नाही. पहिल्या दिवशी भाच्याने त्या उतारावर गाडी तीनदा बंद पाडली. तिसऱ्या वेळी बोटीवरच्या खलाशाने न सांगताच मागून हात लावला.